न विरघळलेला खडा

(पनवेलच्या बाजारात वाटलेलं आणि मिठागरांवर वाचून दाखवलेलं जाहीर पत्र)

पनवेल, १२ जानेवारी १९५८

मिठागरांवरच्या भावांनो आणि बहिणींनो,

तुमचे डोळे जातात आणि तुम्हाला कोणी काही सांगत नाही. तक्रारी आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्या पुढच्या सभेत. आज ही एकच.

ज्या मिठासाठी या देशाने लाठ्या खाल्ल्या ते मीठ तुम्ही ओढता. चाळिशी उलटली की कुणाकुणाचा डोळा अंधारतो. गावात म्हणतात, उन्हाने गेला. दवाखान्यात गेलात तर पापणी उलटी करतात, तुमच्या डोक्यावरून आपसांत इंग्रजी बोलतात आणि कागद पुढे सरकवतात. लाव अंगठा. कशाला? तुला कळायचं नाही!

का कळायचं नाही? खाडीच्या भरतीवर तुम्ही बांध राखता, मग तुमच्याच डोळ्यातलं पाणी तुम्हाला का कळू नये? माझा थोरला भाऊ तुळशीराम जासईच्या मिठागरावर राबतो. त्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. शेजारपाजार म्हणाला, बिंदू आलाय, पिकू दे, मग काढू. मोतीबिंदू पिकतो हे खरं. पण हा होता काचबिंदू. यात डोळ्याच्या आतल्या पाण्याला बाहेर जायची वाट सापडत नाही, डोळा दगडासारखा टणक होतो आणि मागची नस चेपून मरते. त्यात पिकायचं काय? आम्ही वाट पाहिली आणि त्याचा डावा डोळा गेला. हे एका तरी शहाण्याने वेळेवर सांगितलं होतं का?

फ्रान्सच्या लोकांनी तुरुंगाचे दरवाजे फोडले. मी तुम्हाला काही फोडायला सांगत नाही, एक प्रश्न विचारायला सांगतो. माझ्या डोळ्याचं काय करणार? उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा उठवू नका.

तुमचा,
कमळाकर मास्तर


मुंबई, २० जानेवारी १९५८

ती. भाऊ यांस सा. नमस्कार.

तुमचं पत्रक आमच्या वॉर्डापर्यंत पोचलं. उरणच्या एका म्हातारबाबांच्या उशाखाली निघालं. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना थेट विचारलं, "माझ्या डोल्याचं काय करनार?" डॉक्टर दचकले, मग खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. बाकीच्या नर्स मला म्हणाल्या, वेणू, तुझा भाऊ मुंबईत आला तर आमचे पगारही वाढवील!

आता घरचं ऐका. तुळशीदादाचा उजवा डोळा मागच्या आठवड्यात तपासला. गेल्या पावसाळ्यात पाणी बाहेर पडायला केलेलं भोक जखम भरताना बुजून गेलंय. दाब पुन्हा चढलाय. थेंबांनी आवरत नाही. समोरचं दिसतं, पण बाजूचं नाही. माझ्या टेबलाजवळून जाताना त्याने पाण्याचा तांब्या पाडला आणि हसून म्हणाला, "वेने, तुमची मुंबय लई दाटीची." मी हसले नाही.

मोठे डॉक्टर म्हणतात, पुन्हा नुसतं भोक केलं तर ते पुन्हा बुजेल. त्यात प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवायची, म्हणजे वाट उघडी राहील. भाताच्या तुसापेक्षा लहान असते ती. भाऊ, ही नवी गोष्ट आहे. त्यांनी थोड्याच डोळ्यांत अशी नळी घातलीय. काही चालल्या, काही बुजल्या, एक बाहेर आली. हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. काहीच केलं नाही तर पावसाळ्यापर्यंत डोळा जाईल, हेही लपवलं नाही.

तुम्ही दादाला समजावून सांगा. माझं तो ऐकायचा नाही. त्याच्या लेखी मी अजून शेंबडी वेणीच आहे.

तुमची वेणू


पनवेल, २८ जानेवारी १९५८

चि. वेणूस अनेक आशीर्वाद.

काल जासईला गेलो होतो. दादा बांधावर उकिडवा बसून मीठ ओढणाऱ्यांवर नजर ठेवत होता. म्हणजे तसं दाखवत होता. त्याच्या डाव्या हाताला मी बराच वेळ उभा होतो, पण खाकरलो तेव्हा त्याला कळलं.

मी नळीचं थेट बोललो नाही. सुरुवातच अशी केली, "दादा, डॉक्टरने तुझ्या डोळ्यात कायमचं काही ठेवायचं म्हटलं तर?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी मीठ पेरायला सांगितलंय. "डोल्यात ठेवायचं? कमल्या, शाला शिकून तुजं डोकं गेलं. जल्म गेला माजा डोल्यातलं काडन्यात. गंगाबायला इचार."

गंगाबाई तुला आठवत असेल. मिठाचा कण, कुसळ, चिलट, कुणाच्या डोळ्यात काही गेलं की तो तिच्या ओटीवर जातो आणि ती जिभेच्या टोकाने अलगद उचलून काढते. दादा मग स्वतःच म्हणाला, "काय ठेवायची भाषा केली तर मी मुंबयला पाय नाय ठेवनार. जाव दे डोला." आणि तो तसाच करील. बोट मुंबईच्या धक्क्याला लागायला आली असली तरी तो खाडी पोहून परत येईल.

म्हणून मी ठरवलंय. त्याला सांगायचं नाही. पाणी काढणार आहेत, एवढंच सांगून आणतो. मला नळीचं काम नीट कळतं. बांधाला भोक पाडलं तर खाडीचा चिखल ते रातोरात बुजवतो, म्हणून आपण मोरी टाकतो. हेही तसंच. पण हे त्याच्याशी वाद घालून पटवायला माझ्यापाशी वेळ आहे, त्याच्या डोळ्यापाशी नाही. डॉक्टरांना म्हण, भावाने समजावलंय. तूही गप्प राहा.

पत्रकात मी काय लिहिलं ते मला पाठ आहे, तू काढून दाखवू नकोस. ते हजारोंसाठी होतं. हा माझा भाऊ आहे. आधी डोळा वाचू दे, मग सत्य सांगू. सत्य कुठे पळून जात नाही.

तुझा भाऊ,
कमळाकर


मुंबई, ४ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊ यांस सा. नमस्कार.

खाट मिळालीय. सोमवारी दादाला घेऊन या.

मी गप्प राहीन. पण मला ते आवडलेलं नाही, हे कागदावर असू द्या. ते उरणचे म्हातारबाबा परवा घरी गेले. जाताना म्हणाले, डॉक्टरनं सांगलं म्हनून मी घाबारलो नाय. दादा घाबरेल असं तुम्ही म्हणता. मला वाटतं घाबरलाय दुसराच कोणी तरी.

लहान तोंडी मोठा घास घेतला. रागावू नका.

वेणू


मुंबई, २५ फेब्रुवारी १९५८

ती. भाऊ यांस सा. नमस्कार.

तुम्ही दादाला घेऊन सुखरूप पोचलात हे भामावहिनींच्या निरोपावरून कळलं. आज सकाळी मोठे डॉक्टर मला पाहून हसले. ते क्वचितच हसतात. दाब हवा तेवढा उतरलाय. पट्टी काढल्यावर दादा काय म्हणाला ते तुम्ही ऐकलं नाही, तुम्ही औषधाच्या खिडकीपाशी होतात. म्हणाला, "वेने, तुज्या टोपीची कड फाटलीय." फाटली होतीच. मी आत जाऊन रडले आणि टोपी शिवली.

आता लक्ष देऊन वाचा. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्यावर फिकट फुगवटा दिसेल. तो फोड नव्हे. नळीतून आलेलं पाणी तिथे जमतं आणि जिरतं. त्यावर काही लावायचं नाही, दाबायचं नाही, डोळा चोळायचा नाही. पुढेमागे काही रुतल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी इकडे आणायचं. नळीचं टोक वर येऊ शकतं.

निघताना मी दादाला म्हणाले, डोळ्याला हात लावू नकोस. तो म्हणाला, का? मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांचा हुकूम." भाऊ, दादाने आयुष्यात कुणाचा हुकूम कारण कळल्याशिवाय पाळलाय? डोळा वाचला, तुमचं म्हणणं होतं तसंच झालं. आता सांगा त्याला.

तुमची वेणू


पनवेल, ९ एप्रिल १९५८

चि. वेणूस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर राहिलं. मिठाचा हंगाम भरात आहे आणि मजुरीचा प्रश्न पेटलाय. उरणपासून ओव्यापर्यंत सभा घेत फिरतोय, घसा बसलाय. परवा एक मालक म्हणाला, "मास्तर, तुम्हाला शाळेत फळा पुरत नाही का?" मी म्हटलं, शेठ, फळा काळा असतो, म्हणून तुमची काळी कृत्यं त्यावर लिहिता येत नाहीत. लोक खूप हसले. तोही हसला, हेच मला खटकलं.

दादा मजेत आहे. समोरच्या बांधावरचे बगळे मोजतो आणि भामावहिनीला आमटीत मीठ कमी पडलं की रंगावरून सांगतो, अशी थाप मारतो. नळीचं अजून सांगितलेलं नाही. तू रागावशील. हंगाम संपला की निवांत बसून सांगतो. चांगलं दिसतंय, तर कशाला मध्येच मनात किडा सोडायचा?

मधे एक दिवस डोळा खुपत होता त्याचा. पापणी मिटली की आत खडा फिरतो म्हणाला. मी सभेला होतो. गेला आपला गंगाबाईकडे. तिने जिभेने हेरला, दातांत धरला आणि ओढून काढला मिठाचा खडा! तिथल्या तिथे मोकळं वाटलं म्हणे, पाणी वाहून गेलं आणि खुपणं थांबलं. दादाने तिला नारळ दिला. मी काल त्याला चिडवलं, मुंबईचे डॉक्टर राहिले बाजूला, आपली गंगाबाईच खरी सर्जन! तुमच्या दवाखान्यातही अशी एक ठेवून घ्या.

डोळा थोडा लाल आहे, पण मीठ गेल्यावर होतोच. काळजी करू नकोस.

तुझा भाऊ,
कमळाकर


मुंबई, ११ एप्रिल १९५८
(मोरा बंदराच्या लाँचवरच्या माणसाहाती)

भाऊ,

तो खडा गंगाबाईने टाकून दिला नसेल तर भांडंभर पाण्यात टाका. मीठ असेल तर विरघळेल. विरघळला नाही तर एक क्षण न थांबता दादाला घेऊन निघा.

वेणू


जासई, १२ एप्रिल १९५८

वेणू,

विरघळला नाही.

तुझी चिठ्ठी मिळाल्यावर तडक दादाला बरोबर घेऊन गंगाबाईच्या घरी गेलो. तिने तो तपकिरीच्या डबीत जपून ठेवला होता. आलेल्यागेलेल्याला दाखवत होती, "माज्या जल्मात असा खडा बगला नाय." पितळी वाटीत पाणी घेतलं, आत टाकला. तळाशी जाऊन बसला. मी काडीने ढवळलं. दादा शेजारी बसला होता, उजवा डोळा सुजून बंद झालेला, पापणीतून पू येत होता. म्हणाला, "कमल्या, पान्यात कशाला टाकलास?" मी वाटी उन्हात धरली. खड्याला आरपार छिद्र होतं.

मग माझा तोल गेला. त्या बाईला मी काय काय बोललो ते गावाने ऐकलं. तिला शेवटपर्यंत कळत नव्हतं की तिने केलं काय. नुसती म्हणत होती, "मी तं काडला ना, मास्तर, मी तं काडला." हेच ते अज्ञान! शंभर वर्षं मुंबईत आगगाडी धावतेय आणि पलीकडच्या तीरावर आम्ही डोळे जिभेने चाटतो!

दादाला शेजारच्या बुधाजीबरोबर पहाटेच्या लाँचने पाठवतोय, वहिनीही येतात. हे पत्र त्यांच्याच हाती आहे. मी येऊ शकत नाही. उद्या पनवेलचा बाजार आहे, आणि हा प्रकार मला उभं राहून लोकांपुढे मांडलाच पाहिजे.

दादाला नळीचं अजून काही बोललेलो नाही. तू सांग. तुला नीट सांगता येईल.

कमळाकर


मुंबई, २४ एप्रिल १९५८

ती. भाऊ यांस,

पेनिसिलिनने पू आटोक्यात आला. डोळा काढावा लागला नाही. पण नळीच्या वाटेने आत गेलेल्या विषाने करायचं ते केलं. खिडकी उघडली की दादाला उजेड कळतो, बंद केली की अंधार कळतो. मोठे डॉक्टर म्हणतात, यापुढे एवढंच. त्यांनी मला विचारलं, "तुझ्या भावाने याला समजावलं होतं ना?" मी खरं सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मीच खुर्ची ओढून बसायला हवं होतं."

बुधाजी मधे गावी जाऊन आला, त्याने तुमच्या बाजारातल्या भाषणाची हकीकत आणली. गंगाबाईला तुम्ही 'डोळेफोडी' म्हणालात. त्या रात्री कुणी तरी तिचा पाण्याचा रांजण फोडला. आता तिला कुणी विहिरीवर पुढे येऊ देत नाही. वहिनी त्याच्याकडून ऐकलेलं हे मला सांगत होत्या तेव्हा दादा जागा होता.

मी त्याला नळीचं सांगितलं. सगळं. माझं गप्प बसणंही. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, वेने, कागद घे. पुढचं त्याचं आहे. एक शब्द बदललेला नाही.

"कमल्या, गंगाबायला बोल लावू नको. तिनं जल्मभर केलं तेच केलं. डोल्यात काय शिरलं तर काडायचं. माजं बोट पोचलं असतं तर मी पन काडलं असतं.

मना कुनी सांगलं असतं का यो खडा नाय, यो तुजा डोला राखतो, तर मी हात बांधून निजलो असतो. तू म्हनशील, दादा तू आयकला नसतास. आयकला नसता कदाचित. पयल्या दिशी नसता, दुसऱ्या दिशी नसता. तू दुसऱ्या दिशी आलास का? त्या शेठला समजवायला तू चार येला जातोस.

आपन बांधात मोरी टाकतो तवा राखनदार बसवतो. त्याला मोरी कुटं हाय ते दाखवतो. तू मोरी टाकलीस आनि राखनदारालाच सांगलं नाय.

तू बाजारात बोलतोस तवा मी मागं उबा रातो. लई बरं वाटतं. तू त्या सगल्यांना जे सांगतोस ना, मना पन तेच पायजे होतं."

एवढंच. अंगठा उठवू का विचारलं त्याने. मी म्हटलं, नको, तुझंच आहे हे कळतं.

वेणू


(जाहीर पत्र, दुसरं)

पनवेल, ५ मे १९५८

मिठागरांवरच्या भावांनो आणि बहिणींनो,

जानेवारीत मी तुम्हाला सांगितलं, उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा उठवू नका. फेब्रुवारीत मी माझ्या थोरल्या भावाचा अंगठा धरून कागदावर टेकवला आणि त्याच्या डोळ्यात काय ठेवणार ते त्याला कळू दिलं नाही. डॉक्टर सांगायला तयार होते, माझी बहीण सांगायला तयार होती. मी अडवलं. तुमच्यासाठी मी जो हक्क ओरडून मागतो, तो माझ्या घरात मीच नाकारला. दवाखान्यातले लोक 'तुला कळायचं नाही' असं तोंडावर म्हणतात तरी. मी तेही म्हणालो नाही.

तुळशीराम आता आंधळा आहे. ती नळी त्याचा डोळा राखत होती. गंगाबाईने ती कचरा समजून काढली, कारण तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यालाही सांगितलं नव्हतं. तिला मी भर बाजारात 'डोळेफोडी' म्हणालो. तो शब्द मी परत घेतो. ज्याने तिचा रांजण फोडला त्याच्या हातात दगड माझ्या भाषणाने दिला.

काल तिच्या दारी गेलो. तिने बसायला सांगितलं नाही. मी म्हटलं, डोळ्याला काही झालं की लोक आधी तुमच्याच ओटीवर येतात, पुढेही येतील. तर डॉक्टरांनाच तिथे आणू द्या. बराच वेळ ती तांदूळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "ओटी हाय. पन मास्तर, जेवड्या मोठ्यानं बाजारात बोललात, तेवड्याच मोठ्यानं आदी खरं सांगा." तेच आज करतो आहे. हे पत्रक गावोगाव वाचलं जाईल आणि जासईला मी ते स्वतः तिच्या अंगणात उभा राहून वाचीन. तुळशीराम शेजारी बसलेला असेल. त्याने मला माफ केलेलं नाही. फक्त येतो म्हणालाय.

येत्या रविवारी मुंबईहून वेणू आणि तिचे मोठे डॉक्टर लाँचने येत आहेत. त्यांच्यापाशी डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र आहे. डोळा बधिर करून क्षणभर वर टेकवतात, दुखत नाही. दाब किती, पुढे काय करायचं, डोळ्यात काही ठेवायचं असेल तर काय आणि ते कसं राखायचं, हे ते प्रत्येकाला मराठीत सांगतील. गंगाबाई शेजारी बसून ऐकेल, म्हणजे पुढे कुणाचा डोळा खुपला तर काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक असेल.

दिव्याभोवती ज्याला रंगीत कडी दिसतात, बाजूने आलेला माणूस ज्याला खाकरल्याशिवाय कळत नाही, ज्याला घरचे म्हणतात 'पिकू दे', त्याने पिकायची वाट पाहू नये. रविवारी, ११ मेला, ऊन चढायच्या आत, जासईला गंगाबाईच्या ओटीवर या.

कमळाकर